कासवांचा सागरप्रवास

राहुरीच्या विद्यार्थ्यास समुद्राची ओळख बहुधा नकाशावरूनच होते. तथापि आपल्या मुळेचें पाणी नेवाशाजवळ प्रवरेस मिळतें, प्रवरा पुढें गोदावरीस मिळते आणि गोदावरी तें बंगालच्या उपसागरास नेऊन पोंचविते. त्याच उपसागरांतून येऊन कोंकणच्या किनाऱ्यास लागलेल्या एका कासवीची हकीकत येथें द्यावयाची आहे.

ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यांत वेळास, आंजर्ले, गुहागर येथील पुळणींवर येऊन शंभराच्या आसपास अंडीं घालतात व लगेच पाण्यांत परततात. पूर्वीं हीं अंडीं सर्रास चोरीस जात. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें वेळास येथें तीं राखण्यास आरंभ केला. पण पुळण राखली तरी कासवाचें उरलेलें सारें आयुष्य जातें कोठें?

रानांतल्या जनावराचा माग पावलांवरून निघतो. पाण्यावर पाऊल उमटत नाहीं. म्हणून २०२२ च्या आरंभीं भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं वनखात्याच्या साहाय्यानें पांच माद्यांच्या पाठीवर संदेशयंत्रें चिकटविलीं. पहिलीचें नांव प्रथमा. कासवास श्वासासाठीं वर यावेंच लागतें. तेवढ्या अवधींत यंत्र उपग्रहास संदेश धाडतें. आपल्या स्टेशनाकडे येणाऱ्या आगगाडीची शिटी तीव्र व दूर जाणारीची खालच्या स्वरांत ऐकूं येते, हें आपण जाणतोंच. उपग्रह जवळ येतांना व दूर जातांना संदेशाच्या लहरींतहि असाच फरक पडतो आणि त्याच्या गणितानें कासवाचें ठिकाण काढतात. प्रथमा गुजरातकडे गेली. २०२३ सालीं गुहागरहून निघालेली बागेश्री मात्र लंकेस वळसा घालून बंगालच्या उपसागरांत शिरली.

परंतु हें यंत्र अल्पायुषी. लक्ष्मी नांवाच्या मादीचें तर कांहीं आठवड्यांतच मुकें झालें. पॅसिफिक महासागरांतील अवाढव्य हत्ती-सीलांच्या केसांवरहि असेंच यंत्र चिकटवितात. पण ते प्राणी नेमानें आपल्या किनाऱ्यास परत येतात, त्यामुळें यंत्र पुन्हां हातीं लागतें. कासवाच्या बाबतींत तशी आशा धरतां येत नाहीं.

याहून जुनी व स्वस्त युक्ति म्हणजे वल्ह्यासारख्या पायास क्रमांकाची धातूची पट्टी अडकविणें. १८ मार्च २०२१ रोजीं ओडिशांतील गहिरमाथा येथें एका मादीस ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावण्यांत आली होती. तीच कासवी जानेवारी २०२५ मध्यें गुहागरास आली! तिनें १२० अंडीं घातलीं, त्यांतून १०७ पिलें निघालीं. मधली वाट सुमारें साडेतीन हजार किलोमीटरांची असावी असा अंदाज आहे. पट्टी प्रवासाचीं दोन टोकें तेवढीं सांगते, वाट सांगत नाहीं; वाट बागेश्रीच्या यंत्रानें दाखविली होती, तीहि उलट दिशेची.

पूर्व व पश्चिम किनाऱ्यांचीं कासवें निरनिराळीं, असें मानण्याचा प्रघात होता. एका कासवीवरून नियम बांधणें उतावळेपणाचें होईल. तथापि दोन्ही किनारे तिचे असतील, तर ओडिशापाशीं मासेमारीच्या जाळ्यांत गुदमरून मरणारें कासव हें गुहागरचेंहि नुकसान होय. तिचा जन्म कोणत्या पुळणीवर झाला, हें मात्र पट्टीवर लिहिलेलें नाहीं.