रोजा, कीटो आहार आणि चिमूटभर मीठ



गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत ‘कीटो’ हा नवा शब्द रुळला आहे. कोणी मधुमेह आटोक्यात यावा म्हणून, तर कोणी वजन उतरावे म्हणून भात, भाकरी, पोळी व साखर सोडतो आणि अंडी, मटण, मासे, तूप व पालेभाज्यांवर राहतो. रमजान जवळ आला की अनेकांना वाटते, दिवसभर उपाशी राहायचेच आहे, तर हा आहारही याच महिन्यात सुरू करावा. पहिले दोन रोजे सुरळीत जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारनंतर डोके ठणकू लागते, पोटऱ्यांत गोळे येतात, असरच्या नमाजमध्ये सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. मग कोणी स्वतःचे ईमान दुबळे ठरवतो, तर कोणी उरलेले रोजे सोडून देतो. वास्तविक अशा वेळी दोष बहुधा रोज्याचा नसतो आणि ईमानाचाही नसतो. शरीरातले मीठ व पाणी कमी झालेले असते, आणि ते का कमी झाले हे कोणी सांगितलेले नसते.

शरीरात काय घडते?

कीटो आहारात दिवसाला साधारण ५० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके घेतली जातात. त्यामुळे रक्तातील इन्सुलिनचे प्रमाण उतरते. इन्सुलिनचे एक काम मूत्रपिंडाला सोडियम राखून ठेवण्यास सांगणे हेही आहे. ते उतरले की मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकू लागते आणि सोडियमबरोबर पाणीही जाते. शिवाय यकृतात व स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, आपल्यासोबत पाणी धरून असते. तो साठा संपत आला की तेही पाणी निघून जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी मोठी घट बरीचशी या पाण्याची असते, चरबीची नव्हे.

उपवासातही इन्सुलिन उतरते. म्हणजे रोजा व कीटो एकाच वेळी सुरू केले, तर मीठ घटण्याची दोन कारणे एकत्र येतात. त्यात पाव, फरसाण, पापड, बिस्किटे बंद झाल्याने त्यांतून नकळत पोटात जाणारे मीठही थांबते. आपल्याकडे रोजा ऋतूप्रमाणे १२ ते १५ तासांच्या दरम्यान असतो. तेवढा वेळ ही तूट भरून काढता येत नाही. म्हणूनच इफ्तार ते सहरी हा काळ विचारपूर्वक वापरला पाहिजे.

किती आणि केव्हा?

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी मीठ सांगितले आहे. त्यात सुमारे २ ग्रॅम सोडियम असते. ही मर्यादा सर्वसामान्य आहारासाठी आहे. कीटो आहाराचे पुरस्कर्ते तज्ज्ञ निरोगी माणसाला अन्नातील धरून दिवसाला ३ ते ५ ग्रॅम सोडियम सुचवतात. या दोन आकड्यांतले अंतर मोठे आहे. म्हणून रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी दुसरा आकडा स्वतःहून लागू करू नये. आपल्यासाठी योग्य प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

निरोगी व्यक्तीने मीठ विभागून घ्यावे. इफ्तारनंतर वाटीभर यखनी किंवा पायाचा शोरबा, रात्रीच्या जेवणात नेहमीप्रमाणे मीठ घातलेली भाजी व मटण, तरावीहनंतर पाणी आणि सहरीला मीठ-लिंबू घातलेले पाणी किंवा पुन्हा थोडा शोरबा, एवढे बहुतेकांना पुरते. सगळे मीठ सहरीतच घेतले तर दिवसभर तहान छळते. तसेच सहरीच्या शेवटच्या क्षणी नुसते पाणी लिटरभर पिण्यानेही काही साधत नाही. त्यातले पुष्कळसे थोड्याच वेळात लघवीवाटे निघून जाते. पाणी रात्रभर थोडे थोडे प्यावे.

सैंधव मिठाबद्दल गैरसमज आहे. त्यातही सोडियम जवळपास साध्या मिठाइतकेच असते. मात्र त्यात आयोडीन घातलेले नसते. ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात पोटॅशियम मिसळलेले असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला व रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्याला ते धोक्याचे ठरू शकते.

खजुराचा प्रश्न

कीटो पाळणाऱ्यांना एक शंका हमखास पडते : खजुरात साखर आहे, मग सुन्नत कशी पाळावी? आदरणीय पैगंबर (स.) ताज्या खजुरांनी रोजा सोडत, त्या नसतील तर सुक्या खजुरांनी, आणि त्याही नसतील तर पाण्याच्या काही घोटांनी, असे हदीसमध्ये आले आहे. एका लहान खजुरात साधारण ५ ते ६ ग्रॅम कर्बोदके असतात. दिवसाच्या मर्यादेत ती सहज सामावतात. तेव्हा एक खजूर खावी आणि मग शोरब्याकडे वळावे. आहाराच्या नियमासाठी सुन्नत टाळण्याची गरज नाही.

अमानत आणि सवलत

सहरीत बरकत असल्याचे पैगंबरांनी (स.) सांगितले आहे. वजन लवकर उतरावे म्हणून सहरी टाळणारा ही बरकत आणि मीठ-पाण्याची शेवटची संधी, दोन्ही गमावतो. रात्रंदिवस इबादतीत बुडालेल्या हजरत अबू दरदा (रजि.) यांना हजरत सलमान (रजि.) यांनी समजावले होते की, पालनकर्त्याचा आपल्यावर हक्क आहे, तसाच स्वतःच्या जिवाचा व घरच्यांचाही आहे. पैगंबरांनी (स.) सलमान यांच्या बोलण्यास दुजोरा दिला. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आणि अमानतीची निगा राखणे हा दीनचाच भाग आहे.

एका प्रवासात एक रोजेदार इतका गळून गेला होता की लोकांनी भोवती जमून त्याच्यावर सावली धरली होती. ते पाहून पैगंबरांनी (स.) प्रवासात असा रोजा ठेवणे हे पुण्य नव्हे, असे बजावले. सूरह बकरामध्ये आजारी व प्रवासी यांना रोजे पुढे ढकलण्याची सवलत देताना अल्लाहने आपल्यासाठी सुलभता इच्छिली आहे, कष्ट नव्हे, हे स्पष्ट केले आहे. म्हणून भोवळ येऊन शुद्ध हरपू लागली, छातीत धडधड वाढली, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा श्वास जोराने चालू लागला, तर रोजा सोडावा, डॉक्टरांकडे जावे आणि नंतर कजा करावी. हनफी असो वा शाफई, अशा आजारपणात कजा आहे, कफ्फारा नाही.

मधुमेहींसाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना कीटो व रोजा एकत्र केल्यास साखर एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांसोबत तर रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी यंत्रावर साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. अशांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटावे. गोळ्या स्वतःहून बंदही करू नयेत.

कीटो सुरू करायचेच असेल, तर रजब-शाबानमध्ये करावे. म्हणजे रमजान येईपर्यंत शरीराला सवय झालेली असेल. किंवा ते ईदनंतरवर सोपवावे. आणि नियत तपासावी. रोजा अल्लाहसाठी आहे. वजन उतरले तर तो त्याचा जोडलाभ समजावा, उद्देश नव्हे. ज्याची नियत काट्यावर अडकते, त्याला भूक तर लाभते, पण तकवा हातून निसटण्याची भीती असते.

अल्लाह आपणा सर्वांना समजून-उमजून रोजे ठेवण्याची सद्बुद्धी देवो, आपले आरोग्य व इबादत दोन्ही राखो. आमीन.