महाग वस्तू विकताय? मग खराब निघालेल्या मालाचा खर्च किंमतीत आधीच धरा



किंमत ठरवण्याच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न खूप जणांनी विचारला. "ताई, साधी वस्तू विकण्यापेक्षा प्रीमियम वस्तू विकली तर मार्जिन जास्त मिळतं. मग सगळे तेच का करत नाहीत?"

याचं उत्तर मी बीबीएच्या पुस्तकात नाही शिकले. ते माझ्या दुकानात शिकले, आणि त्यासाठी दहा हजार रुपये आणि एक चांगला ग्राहक घालवला. आज तोच हिशोब तुमच्यासमोर मांडते. वही-पेन घेऊन बसा.

आधी बाजार समजून घ्या

पुण्यात माझं छोटं दुकान आहे. टर्नटेबल, रेकॉर्ड्स, सिनेमाची पोस्टर्स असा माल. रेकॉर्ड म्हणजे तीच जुनी काळी तबकडी, आजी-आजोबांच्या काळातली. पण आता ती परत आली आहे. अमेरिकेत २०२२ साली सुमारे ४.१ कोटी रेकॉर्ड्स विकल्या गेल्या आणि सीडी ३.३ कोटी. १९८७ नंतर पहिल्यांदाच रेकॉर्ड्सची संख्या सीडीच्या पुढे गेली.

या बाजारात एक खास कोपरा आहे, सिनेमाच्या साउंडट्रॅकचा. ऑस्टिनची मॉन्डो, न्यू ऑर्लिन्सची वॅक्सवर्क अशा अमेरिकन कंपन्यांनी तो वाढवला. नवीन चित्रकाराकडून कव्हर काढून घ्यायचं, रेकॉर्ड रंगीत करायची, मोजक्याच प्रती छापायच्या आणि आगाऊ बुकिंग घ्यायचं. सिनेमाचा चाहता जास्त पैसे आनंदाने देतो. इथवर सगळं छान आहे.

माझ्याकडे काय झालं

२०२२ मध्ये मी एका परदेशी कंपनीच्या साउंडट्रॅकच्या २० प्रती मागवल्या. दोन रेकॉर्ड्सचा सेट, रंगीत, मर्यादित आवृत्ती. भाडं, कस्टम सगळं धरून एक सेट मला ३,१०० रुपयांना पडला. विक्री किंमत ठेवली ४,२००. वीसच्या वीस सेट माल यायच्या आधीच बुक झाले. मी खूश!

माल पोचवल्यावर चौथ्या दिवशी एक काका दुकानात आले. बँकेतून रिटायर झालेले, दर महिन्याला काहीतरी घेणारे. हातात एक चिठ्ठी होती. कुठल्या बाजूला, कितव्या मिनिटाला कागद फाटल्यासारखा आवाज येतो, ते व्यवस्थित लिहून आणलं होतं. म्हणाले, "अगं, एकदा लावून बघ."

दुकानात गर्दी होती. मी न ऐकताच बोलून गेले, "काका, रेकॉर्ड म्हटली की थोडी खरखर असायचीच. त्यातच तर मजा आहे."

काका काही बोलले नाहीत. चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि गेले.

आठवडाभराने सिनेमा शिकणाऱ्या एका मुलाने मला व्हिडिओ पाठवला. रेकॉर्ड फिरतेय आणि सुईचा दांडा डावी-उजवीकडे झुलतोय. तेव्हा मी घरी जाऊन माझी स्वतःची प्रत हेडफोन लावून ऐकली. काकांनी लिहिलेला आवाज माझ्याही प्रतीत होता, अगदी त्याच जागी.

नेमका दोष काय असतो?

आपण विकतो ती वस्तू कशी बनते हे दुकानदाराला माहीत हवं. मला तेव्हा नव्हतं. म्हणून थोडक्यात सांगते.

आधी लाखेसारखा थर दिलेल्या गुळगुळीत तबकडीवर आवाजाची खाच कोरतात. त्यावरून निकेलचे साचे बनतात. मग दोन साच्यांमध्ये गरम पीव्हीसीचा गोळा ठेवून दाबतात, थंड करतात, कडा कापतात. यातल्या प्रत्येक टप्प्यावर घाई केली की वेगळा दोष येतो:

१. खाच पूर्ण न भरणे. उष्णता, दाब किंवा वेळ कमी पडला की पीव्हीसी खाचेत नीट पोचत नाही. आवाज येतो तो कागद फाटल्यासारखा. काकांची तक्रार हीच होती.

२. भोक मध्यभागी नसणे. ही रेकॉर्ड एका फेरीला १.८ सेकंद घेते. भोक जरासं सरकलं की दर १.८ सेकंदांनी सूर वर-खाली हलतो. पियानो आणि व्हायोलिनच्या लांब सुरांत ते लगेच कळतं. त्या मुलाच्या व्हिडिओतला झुलता दांडा म्हणजे हेच.

३. वाकणे. नीट थंड न होता पॅक झाली, किंवा वाटेत ऊन लागलं, की तबकडी वाकते.

४. धूळ आणि ओरखडे. साध्या कागदी पाकिटात घट्ट कोंबलेली रेकॉर्ड नवी असूनही घासलेली निघते.

आता साउंडट्रॅकमध्येच हे जास्त का बोचतं? कारण पार्श्वसंगीतात खूप हळू, जवळजवळ शांत जागा असतात. रॉकच्या गोंगाटात जी चरचर लपून जाते, ती एकट्या बासरीमागे उघडी पडते. दुसरं म्हणजे, रेकॉर्डच्या आतल्या कडेला सुईखालून खाच हळू सरकते. बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण अर्धा मीटर, तर आत लेबलजवळ जेमतेम २० सेंटिमीटर. त्यामुळे आतल्या भागात आवाज फाटण्याची शक्यता जास्त. आणि सिनेमाचा क्लायमॅक्स, जिथे अख्खा ऑर्केस्ट्रा पेटतो, तो बहुतेक वेळा बाजूच्या शेवटीच येतो!

त्यात रंगांची हौस. रंगाचे शिंतोडे उडवलेली किंवा अंधारात चमकणारी रेकॉर्ड काळीपेक्षा खरखरीत निघण्याची शक्यता जास्त. चित्र छापलेल्या तबकडीत तर चित्रावर फक्त पातळ पारदर्शक थर असतो, त्यामुळे तिचा आवाज आणखी खरखरतो. "१८० ग्रॅम" हा शब्दही नीट समजून घ्या. साधी रेकॉर्ड १२० ते १४० ग्रॅमची असते. जास्त वजनाने हाताला भारी वाटतं, पण तेवढ्याने आवाज चांगला होतो असं नाही.

म्हणजे बघा, ज्या गोष्टींसाठी आपण जादा पैसे घेतो (रंग, चित्र, वजन, कव्हर), त्यातली एकही आवाज सुधारत नाही. काही तर बिघडवतात. आणि ग्राहक मात्र म्हणतो, "एवढे पैसे दिले, आवाज उत्तमच हवा." त्याचं चुकतं का? मुळीच नाही.

संग्राहक कसा वागतो?

संग्राहक हा वेगळाच ग्राहक आहे. तो वस्तू भिंगाखाली बघतो. लेबलजवळच्या रिकाम्या पट्टीवर कोरलेले आकडे वाचून रेकॉर्ड कुठल्या कारखान्यात छापली ते ओळखतो, आणि इतरांच्या प्रतींशी ताडून बघतो. एकाला दोष सापडला की संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपला माहीत.

काही जण मात्र सील फोडतच नाहीत. त्यांची प्रत कपाटात पडून राहते. त्यातला दोष पाच वर्षांनी विकताना कळतो, आणि तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

मी वीसही जणांना फोन केला. सहा प्रती सदोष निघाल्या. सहापैकी चौघांनी पहिला प्रश्न एकच विचारला: "दुसरी प्रत आहे का?" त्यांना पैसे परत नको होते, त्यांना ती रेकॉर्ड हवी होती. पण आवृत्ती संपलेली. कंपनीकडे नाही, माझ्याकडेही नाही. मर्यादित आवृत्तीची जाहिरात करताना हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता हिशोब

कर आणि दुकानभाडं बाजूला ठेवू.

- अपेक्षित नफा: २० × १,१०० = २२,००० रुपये
- सहा जणांना परतावा: ६ × ४,२०० = २५,२०० रुपये
- कुरिअर: ६ × ३०० = १,८०० रुपये
- पुरवठादाराने दोन सेटचीच भरपाई दिली: ६,२०० रुपये परत आले
- सदोष सेट दोष सांगून १,८०० ला विकले: १०,८०० रुपये परत आले

म्हणजे खड्डा पडला १०,००० रुपयांचा. नफा उरला १२,०००. पुरवठादाराने भरपाई नाकारली असती तर फक्त ५,८००.

काकांचे पैसेही परत केले. ते म्हणाले, "पैशांचं काही नाही गं. त्या दिवशी तू ऐकून बघायला हवं होतंस." ते अजून दुकानात येतात, सुई साफ करायचा ब्रश वगैरे घेतात. पण आगाऊ बुकिंग त्यांनी परत कधी केलं नाही.

दुसरं उदाहरण: सांगितलं काय आणि दिलं काय

हे उदाहरण साउंडट्रॅकचं नाही, पण ग्राहक त्याच जातीचा आहे. कॅलिफोर्नियातली मोबाइल फिडेलिटी साउंड लॅब ही जुन्या अल्बम्सच्या महागड्या आवृत्त्या काढते. तिच्या 'वन-स्टेप' मालिकेतल्या सेटची किंमत १२५ डॉलरच्या घरात. लोकांचा समज असा की या रेकॉर्ड्स मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून बनतात, मध्ये डिजिटल काही नाही. जुलै २०२२ मध्ये फिनिक्स शहरातल्या एका रेकॉर्ड दुकानदाराने आपल्या व्हिडिओत सांगितलं की मध्ये डिजिटल टप्पा आहे. मग कंपनीच्या इंजिनिअर्सनीही ते मान्य केलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये सुमारे अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीपर्यंत पोचलं.

गंमत म्हणजे, याच रेकॉर्ड्सच्या आवाजाचं त्याआधी भरपूर कौतुक झालं होतं. ग्राहक चिडला तो आपल्याला अंधारात ठेवलं म्हणून. कारण जादा पैसे त्याने त्या माहितीवर विश्वास ठेवूनच दिले होते.

मी आता काय करते

१. खराब मालाचा खर्च किंमतीत धरते. माझ्या दुकानात मी दहात एक प्रत खराब निघेल असं धरून चालते. एका खराब प्रतीचा खर्च: ४,२०० परतावा + ३०० कुरिअर − १,८०० वसुली = २,७००. दहा प्रतींवर वाटला तर प्रत्येकी २७० रुपये. हे २७० माझ्या खरेदीतच जमा होतात. नफा त्यानंतर मोजायचा. तुमच्या मालाचा आकडा तुम्ही तुमच्या वहीतून काढा, माझा उचलू नका.

२. वीस मागवल्या तर अठराच बुक करते. दोन प्रती ४५ दिवस बाजूला. कोणाची खराब निघाली तर बदलून देता येते. नाही निघाली तर नंतर विकते.

३. बुकिंग घेतानाच विचारते: "सीलबंद देऊ की उघडून तपासून देऊ?" सील फोडलं तर संग्राहकाच्या नजरेत किंमत उतरते, म्हणून निर्णय त्याचा. तपासायचं असेल तर उजेडात तिरपी धरून बघते, सपाट फिरते का ते बघते, आणि प्रत्येक बाजूची सुरुवात व शेवट ऐकते.

४. तक्रार आली की आधी ऐकते, मग बोलते. दर वेळी दोष रेकॉर्डचाच असतो असं नाही. कधी सुई घाण असते, कधी दांड्याचं वजन चुकलेलं असतं. म्हणून तीच रेकॉर्ड दुकानातल्या मशीनवर ग्राहकासमोर लावते. दोघांनाही कळतं.

५. जे माहीत आहे ते आधी सांगते. "ही रंगीत आहे, थोडी खरखर येऊ शकते. फक्त आवाज हवा असेल तर काळी घ्या." यामुळे काही विक्री जाते. जाऊ दे.

६. पुरवठादाराकडून भरपाईची अट लेखी घेते. किती दिवसांत कळवायचं, फोटो चालेल की व्हिडिओ हवा, सगळं ऑर्डर देण्याआधी.

तुम्ही रेकॉर्ड्स विकणार नाही, मला माहीत आहे. कोणी पैठणी विकेल, कोणी सेंद्रिय गूळ, कोणी देवगड हापूस. पण हापूसवाल्याकडे बघा. पेटीचे जास्त पैसे मोजणारा माणूस घरी गेल्यावर एकेक आंबा दाबून बघतोच. मुरलेला विक्रेता पेटी देतानाच म्हणतो, "डागी निघाला तर घेऊन या, बदलून देतो." त्याने त्या दोन-चार आंब्यांचे पैसे आधीच धरलेले असतात.

आजचा गृहपाठ: तुमची सगळ्यात महाग वस्तू निवडा. एक नग खराब निघाला तर एकूण किती रुपये जातात ते लिहा. दहात, वीसात किंवा पन्नासात किती खराब निघतात ते लिहा. तो खर्च सगळ्या नगांवर वाटा आणि मग नफा परत मोजा. आकडा बघून धक्का बसला तर बरंच झालं. मला तो वीस ग्राहकांचे पैसे घेतल्यानंतर बसला होता.

पुढच्या व्हिडिओत पुरवठादाराशी भरपाईची अट कशी बोलायची ते बघू. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!