साठवलेली शक्ती : वाहनाच्या बॅटरीची निगा

प्रस्तावना

वाराणसीच्या पंचगंगा घाटावर एक दगडी दीपस्तंभ आहे. त्यावर सहस्र दिवे लावण्याची सोय असल्याने लोक त्याला ‘हजारा’ म्हणतात. तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला. घाटावरच्या बिंदुमाधवाचे सध्याचे मंदिरही औंधच्या संस्थानिकांनी बांधले. त्यामुळे मराठी यात्रेकरूंना हा घाट परका वाटत नाही. कार्तिक महिन्यात येथे उंच बांबूंवर टोपल्यांतून आकाशदीप टांगतात. दिवा लहान असो वा मोठा, त्यात वेळेवर तेल घालावे लागते, वात सारावी लागते, काजळी झाडावी लागते.

घाटाच्या अरुंद गल्ल्यांत मोटारी शिरत नाहीत. यात्रेकरू मैदागिनसारख्या चौकापर्यंत वाहनाने येतात आणि पुढे पायी जातात. यांतील अनेक वाहने ई-रिक्षा असतात. 1 मे 2016 रोजी याच शहरातील अस्सी घाटावर विजेवर चालणाऱ्या नौकांचाही आरंभ झाला. मोटार, रिक्षा आणि नौका यांची शक्ती बॅटरीत साठवलेली असते. दिव्याप्रमाणे तिचीही सेवा करावी लागते. ती कशी करावी, हे या पाठात पाहू.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला—
- बॅटरीचे कार्य थोडक्यात सांगता येईल;
- बॅटरी लवकर का निकामी होते, याची कारणे देता येतील;
- बॅटरीची निगा राखताना घ्यावयाची काळजी स्पष्ट करता येईल.

बॅटरीच्या पोटात काय असते?

शिसे आणि आम्ल यांवर चालणारी बॅटरी 1859 मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली. आजही बहुतेक मोटारींत याच जातीची बॅटरी असते. तिच्या पेटीत सहा कप्पे असतात. प्रत्येक कप्पा सुमारे दोन व्होल्ट दाब देतो. सहा मिळून बारा व्होल्ट होतात. कप्प्यात शिशाच्या आणि शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडालेल्या असतात.

बॅटरीतून वीज घेतली की आम्लाचा अंश पट्ट्यांवर जाऊन बसतो. तेथे शिशाचे सल्फेट तयार होते आणि उरलेले आम्ल पातळ होत जाते. बॅटरी चार्ज केली की हीच क्रिया उलट घडते. दिव्यातले तेल जळून गेले की परत येत नाही. बॅटरीतील शक्ती मात्र पुन:पुन्हा भरता येते. पण त्याला मर्यादा आहे. बॅटरी रिकाम्या अवस्थेत पडून राहिली, तर सल्फेटचे कण घट्ट आणि मोठे होतात. मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. बॅटरी अकाली मरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

आयुष्य किती?

मोटारीची बॅटरी साधारणपणे तीन ते पाच वर्षे टिकते. हवा उष्ण असेल, तर हा काळ कमी होतो. तापमान सतत दहा अंशांनी अधिक राहिल्यास आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. वाराणसीत काय किंवा विदर्भात काय, उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. त्या उष्णतेने पाणी आटते व पट्ट्या झिजतात. हा दुबळेपणा उघड होतो तो थंडीत. सकाळी गाडी सुरू होत नाही आणि आपण थंडीला दोष देतो. खरे नुकसान मात्र उन्हाळ्यातच झालेले असते.

थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्याही बॅटरीला मानवत नाहीत. इंजिन सुरू करताना खर्चलेली वीज भरून निघण्यापूर्वीच गाडी बंद होते. उभ्या गाडीतही घड्याळ, कुलूप यांसारखी उपकरणे थोडी वीज घेत राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास चालवावी.

ई-रिक्षाची गोष्ट वेगळी

मोटारीची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठी शक्ती देते. ई-रिक्षाची बॅटरी दिवसभर चाकेच फिरवते. त्यासाठी जाड पट्ट्यांच्या, सहसा चार बॅटऱ्या एकामागे एक जोडून 48 व्होल्ट मिळवतात. रोज रिकामे होणे आणि रात्री भरणे या चक्रामुळे त्या मोटारीच्या बॅटरीपेक्षा लवकर थकतात. नवा संच घेण्यासाठी चालकाला मोठी रक्कम उभी करावी लागते. संच महिनाभर अधिक टिकला, तर तेवढीच त्याची बचत होते. म्हणून चालकाने बॅटरी तळापर्यंत रिती होऊ देऊ नये. रिक्षा घरी आल्यावर ती लवकर चार्जिंगला लावावी. परंतु पूर्ण भरल्यावरही तशीच लावून ठेवू नये. नव्या बॅटऱ्यांत एखादी जुनी मिसळू नये, कारण संचाची ताकद सर्वांत दुबळ्या बॅटरीएवढीच राहते.

निगा कशी राखावी?

1. झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीतील पाण्याची पातळी मोटारीत महिन्याला आणि ई-रिक्षात आठवड्याला पाहावी. पट्ट्या कधीही उघड्या पडू देऊ नयेत.
2. पातळी कमी झाल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाचे, विहिरीचे किंवा नदीचे पाणी चालत नाही. गंगाजल श्रद्धेने कितीही पवित्र असले, तरी त्यातील क्षार पट्ट्यांना बाधतात. आम्लही घालू नये. आटते ते पाणी, आम्ल नव्हे.
3. पाणी चार्जिंगनंतर खुणेपर्यंतच भरावे. चार्जिंगमध्ये पातळी वर चढते. आधीच काठोकाठ भरल्यास आम्ल बाहेर सांडते.
4. टोकांवर पांढरा-हिरवा थर जमल्यास खाण्याचा सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने पुसावा. हे पाणी कप्प्यांत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून जोडण्या घट्ट कराव्यात आणि वर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा.
5. बॅटरी पट्ट्याने घट्ट बसवावी. हादऱ्यांनी पट्ट्यांवरचा लेप गळतो.
6. काही तास उभ्या असलेल्या गाडीत दाब मोजावा. सुमारे 12.6 व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. 12 व्होल्टच्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी.

सुरक्षितता

चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो. गाडीची पूजा करताना उदबत्ती व निरांजन बॅटरीपासून दूर ठेवावे. बिडी ओढू नये. चार्जिंगची जागा हवेशीर असावी. झोपण्याच्या खोलीत चार्जिंग करू नये. बॅटरी काढताना आधी ऋण टोक सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. हातातील अंगठी व कडे काढून ठेवावे. आम्ल डोळ्यांत गेल्यास किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

जुन्या बॅटरीचे काय करावे?

बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो. शिसे विषारी आहे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक ठरते. घराच्या अंगणात बॅटरी फोडून शिसे वितळवणे म्हणजे थोड्या पैशांसाठी मुलांचे आरोग्य विकणे होय. आम्ल गटारात ओतले, तर ते अखेरीस नदीलाच मिळते. जुनी बॅटरी नव्या बॅटरीच्या विक्रेत्याकडे द्यावी. तिची किंमत बिलातून वजा होते आणि शिसे पुन्हा वापरात येते. यासाठी 2001 मध्ये नियम झाले. त्यांची जागा 2022 च्या नियमांनी घेतली.

समारोप

बॅटरीची निगा राखायला मोठे शिक्षण लागत नाही. नियमित लक्ष, स्वच्छ हात आणि थोडे शुद्ध पाणी एवढे पुरते. ज्याचे पोट चाकावर चालते, त्याच्यासाठी ही पाच मिनिटांची सवय कमाईइतकीच मोलाची आहे.

पाठगत प्रश्न

1. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच का घालावे?
2. मोटारीची बॅटरी आणि ई-रिक्षाची बॅटरी यांच्या कार्यात कोणता फरक आहे?
3. ‘नुकसान उन्हाळ्यात होते, उघड थंडीत होते’ हे विधान स्पष्ट करा.
4. तुमच्या परिसरातील एखाद्या रिक्षाचालकाशी बोलून, तो बॅटरीची निगा कशी राखतो, ते दहा ओळींत लिहा.