घरी शिकणारी मुले आणि लेखनाचा आत्मविश्वास

शालान्त शिक्षणाचा टप्पा ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत आणि नीट क्रमाने कागदावर मांडता आले पाहिजे, अशी अपेक्षा सर्वत्र केली जाते. महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज असो, नोकरीसाठी करावयाचा विनंतीअर्ज असो किंवा ग्रामसभेपुढे ठेवावयाचे निवेदन असो, लेखणी हाती धरताना ज्याचा हात कचरतो त्याचे ज्ञान पुष्कळदा त्याच्यापाशीच राहते. शाळेत जाणाऱ्या मुलाला काही ना काही नियमाने लिहावे लागते आणि ते तपासणारे शिक्षकही असतात. जे मूल शाळेत न जाता घरीच शिकते, त्याच्या बाबतीत ही व्यवस्था आपोआप होत नाही. ती जाणीवपूर्वक उभी करावी लागते. अमेरिकेत गेल्या अर्धशतकात गृहशिक्षणाचा मोठा प्रसार झाला. तेथील अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे आणि महाराष्ट्रात शाळेबाहेर राहून दहावी-बारावीची परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या संदर्भात तो विचारात घेण्याजोगाही आहे.

अमेरिकेतील गृहशिक्षण

जॉन होल्ट या शिक्षणचिंतकाने १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून, मुले शाळेत अपयशी का ठरतात, या प्रश्नाकडे लोकांचे लक्ष वेधले. पुढे १९७७ मध्ये त्यांनी घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक सुरू केले. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अॅमिश पंथाच्या पालकांना आपल्या मुलांना आठवीनंतर शाळेत न पाठविण्याची मुभा दिली. हा निर्णय गृहशिक्षणाविषयी नव्हता. तथापि पालकांच्या अधिकारांविषयीच्या चर्चेत त्याचा वारंवार उल्लेख होत राहिला. १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत गृहशिक्षण कायदेशीर ठरले. १९९९ मध्ये अमेरिकेत घरी शिकणारी मुले सुमारे साडेआठ लाख होती. २०१९ मध्ये ही संख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, म्हणजे शालेय वयाच्या मुलांच्या सुमारे २.८ टक्के झाली. २०२० च्या महामारीत ती आणखी वाढली.

प्रत्येक राज्याचे नियम मात्र वेगळे आहेत. टेक्सासमध्ये पालकांना शासनाला कळविण्याचेही बंधन नाही. न्यूयॉर्क राज्यात वर्षारंभी अभ्यासाची योजना आणि दर तिमाहीस प्रगतीचा अहवाल द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात मुलाच्या कामाची संचिका ठेवून पात्र मूल्यमापकाकडून दरवर्षी लेखी अभिप्राय घ्यावा लागतो. नववी ते बारावी ही चार वर्षे तेथे उच्च माध्यमिक शिक्षणाची मानली जातात. घरी शिकणाऱ्या मुलाचे गुणपत्रक अनेक ठिकाणी आईवडीलच तयार करतात. साहजिकच महाविद्यालये मुलाने स्वतः लिहिलेल्या मजकुराकडे बारकाईने पाहतात. अनेक महाविद्यालयांसाठी असलेल्या सामाईक प्रवेशअर्जातील मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. एवढ्या शब्दांत त्या मुलाला, आईवडिलांच्या मदतीवाचून, आपण कोण आहोत हे अनोळखी वाचकाला सांगावयाचे असते.

अडचणीचे मूळ

घरी शिकणाऱ्या मुलाच्या लेखनातील मुख्य अडचण अशी की, त्याला वाचक एकच असतो. तो वाचक आई किंवा वडील असल्यामुळे मुलाला काय म्हणावयाचे आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. वाक्य अर्धवट राहिले तरी अर्थ कळतो आणि संदर्भ सुटला तरी अडत नाही. त्यामुळे आपले लेखन परक्याला कळेल की नाही, हा प्रश्नच मुलाच्या मनात उद्भवत नाही. दुसरी अडचण तपासण्याची. काही पालक प्रत्येक ओळीवर लाल शाईची रेघ ओढतात आणि मूल लिहावयाचेच टाळू लागते. काही पालक सर्वच लेखनाचे कौतुक करतात आणि दोष तसेच राहतात. काही वेळा तर सुधारणेच्या नावाखाली पालकच लेख लिहून देतात. तिन्ही प्रकारांत मुलाचा स्वतःवरील विश्वास वाढत नाही.

आधी सांगणे, मग लिहिणे

यावर उपाय म्हणून गृहशिक्षण करणारी पुष्कळ कुटुंबे शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ विदुषीच्या पद्धतीचा आधार घेतात. १८८६ मध्ये गृहशिक्षणावरील तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे अँबलसाइड या गावी तिने शिक्षिकांसाठी प्रशिक्षणसंस्था चालविली. तिची पद्धत साधी होती. चांगल्या पुस्तकातील उतारा मुलाने एकदाच लक्षपूर्वक वाचावयाचा किंवा ऐकावयाचा आणि लगेच तो आपल्या शब्दांत सांगावयाचा. मध्ये प्रश्न विचारावयाचे नाहीत की चुका काढावयाच्या नाहीत. सुमारे दहा वर्षांपर्यंत हे काम तोंडी चालते. त्यानंतर तेच हळूहळू लेखी होते. जोडीला निवडक उताऱ्यांची नक्कल आणि श्रुतलेखन असते. त्यातून शुद्धलेखन व विरामचिन्हे अंगवळणी पडतात.

या पद्धतीचे मर्म लक्षात घेणे अगत्याचे आहे. काय सांगावयाचे याची जुळवाजुळव आणि ते कागदावर कसे उतरवावयाचे याची खटपट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवशिक्या मुलावर दोन्हींचा भार एकदम टाकला की ते गोंधळते. जे मूल एखादी घटना पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडी नीट सांगू शकते, त्याच्यापुढे लिहिताना फक्त दुसरेच काम उरते.

फ्रँकलिन यांचा स्वाध्याय

शाळेबाहेर राहून लेखन शिकण्याचे अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बेंजामिन फ्रँकलिन यांचे आहे. त्यांचे शालेय शिक्षण अवघे दोन वर्षांचे. दहाव्या वर्षी ते संपले आणि बाराव्या वर्षी बोस्टनमध्ये थोरल्या भावाच्या छापखान्यात ते उमेदवारी करू लागले. स्त्रियांना शिक्षण द्यावे की नाही, या विषयावर त्यांचा एका मित्राशी पत्रांतून वाद झाला. ती पत्रे वडिलांच्या हाती पडली. वडिलांनी वादाच्या विषयाला हात न लावता फक्त लेखनाविषयी अभिप्राय दिला: शुद्धलेखन व विरामचिन्हे यांत मुलगा सरस आहे, परंतु शैलीची सफाई, मांडणीचा क्रम आणि स्पष्टता यांत उणा आहे. त्यांनी पत्रांतील जागा दाखवूनच हे सांगितले.

या अभिप्रायामुळे मुलगा खचला नाही, उलट कामाला लागला. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकातील निबंध घेऊन तो प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवी. काही दिवसांनी मूळ निबंध न पाहता त्या टिपणांवरून पुन्हा निबंध लिही आणि मुळाशी ताडून आपल्या चुका दुरुस्त करी. शब्दसंपत्ती वाढावी म्हणून गद्याचे पद्य आणि पद्याचे पुन्हा गद्य करी. क्रम साधावा म्हणून टिपणे मुद्दाम विस्कटून ठेवी व काही आठवड्यांनी ती नीट लावी. १७२२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी एका विधवेचे नाव धारण करून भावाच्या वृत्तपत्रासाठी पत्रे लिहिली व ती छापखान्याच्या दाराखालून आत सरकविली. लेखक कोण हे न कळताच भावाने ती छापली. अशी चौदा पत्रे प्रसिद्ध झाली. वाचकाला लेखकाचे वय ठाऊक नसताना लेखन उतरले, ही त्यातील खरी कसोटी होय.

मॉन्टानातील तरुण लेखक

अलीकडच्या काळातील उदाहरण क्रिस्टोफर पाओलिनी यांचे आहे. १९८३ मध्ये जन्मलेला हा लेखक मॉन्टाना राज्यात घरीच शिकला. त्याची आई प्रशिक्षित माँटेसरी शिक्षिका होती. पत्रद्वारा अभ्यासक्रमातून त्याने पंधराव्या वर्षी उच्च माध्यमिक शिक्षण पूर्ण केले आणि ‘एरागॉन’ ही कादंबरी लिहावयास घेतली. पहिला खर्डा पूर्ण करण्यास सुमारे एक वर्ष लागले. तो स्वतः वाचून पाहिल्यावर त्यातील उणिवा त्याच्या ध्यानी आल्या आणि दुसरे वर्ष केवळ पुनर्लेखनात गेले. त्यानंतर आईवडिलांनी आपल्या छोट्या प्रकाशनसंस्थेतर्फे २००२ च्या सुमारास पुस्तक छापले. तरुण लेखकाने शाळा, ग्रंथालये व पुस्तकांची दुकाने येथे शंभराहून अधिक कार्यक्रम केले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने कादंबरी पुन्हा प्रसिद्ध केली.

अशी प्रसिद्धी लाखांत एखाद्यालाच लाभते आणि ती गृहशिक्षणाचे उद्दिष्टही असू शकत नाही. या उदाहरणातून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. पहिल्या खर्ड्याइतकाच वेळ पुनर्लेखनाला मिळाला. शाळेच्या वेळापत्रकात ही सवड क्वचितच असते; घरी ती असते. तिचा उपयोग करून घेतला तरच ते बलस्थान ठरते.

आनंदीबाईंची पत्रे

घरी शिकून अमेरिकेपर्यंत लेखणी पोहोचविणाऱ्या एका मराठी मुलीचे उदाहरण येथे आठवणे उचित होईल. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांचे शिक्षण मुख्यतः त्यांचे पती गोपाळराव यांनी घरीच केले. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८८० मध्ये, न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्याशी त्यांचा इंग्रजीतून पत्रव्यवहार सुरू झाला. येथील चालीरीती, सण, स्त्रियांची स्थिती यांविषयी त्या कधीही न पाहिलेल्या बाईला समजावून सांगत. ज्या वाचकाला काहीच ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहिताना प्रत्येक गोष्ट उलगडून सांगावी लागते. आनंदीबाईंचा लेखनाभ्यास असा झाला. १८८३ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या आणि १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी संपादन केली.

या शिक्षणाला कठोर धाकाची बाजू होती, हेही विसरता येत नाही. गोपाळराव अभ्यासासाठी मारहाणही करीत, याची नोंद आहे. घराच्या चार भिंतींआड शिक्षण चालते तेव्हा शिकविणाऱ्यावर कोणाचीच नजर नसते. म्हणूनच बाहेरचा वाचक आणि बाहेरचा मार्गदर्शक यांची गरज लेखनापुरतीच मर्यादित नाही.

चार वर्षांचा क्रम

या सर्व अनुभवांवरून नववी ते बारावीच्या काळासाठी एक साधा क्रम सुचविता येईल.

पहिल्या वर्षी दररोज वाचन, तोंडी कथन आणि अर्धे पान लेखन. लेखनाचा विषय रोजच्या व्यवहारातील असावा: शेतातील काम, बाजार, एखादी पाककृती, घरातील वडीलधाऱ्यांची आठवण. दुसऱ्या वर्षी फ्रँकलिन यांच्या पद्धतीने टिपणांवरून पुनर्लेखन आणि सारांश. तिसऱ्या वर्षी मत मांडणे व त्यास आधार देणे. विरुद्ध बाजूचे म्हणणेही प्रामाणिकपणे लिहिणे. चौथ्या वर्षी वेळ लावून लेखन आणि निदान एक दीर्घ लेख, ज्याचे दोन-तीन खर्डे झालेले असावेत.

तपासताना एका वेळी एकाच दोषाकडे लक्ष द्यावे. आधी आशय, मग क्रम, मग वाक्यरचना आणि शेवटी शुद्धलेखन. तपासणाऱ्याने वाक्य स्वतः दुरुस्त करू नये. कोठे अर्थ लागला नाही एवढेच सांगावे. महिन्यातून एकदा तरी लेखन घराबाहेरील व्यक्तीने वाचावे. सर्व खर्डे तारीख घालून संचिकेत ठेवावेत. सहा महिन्यांपूर्वीचे लेखन शेजारी ठेवून पाहिले की झालेली प्रगती मुलाला स्वतःच दिसते. ही खात्री कोणत्याही शाबासकीपेक्षा टिकाऊ असते.

महाराष्ट्राच्या संदर्भात

आपल्याकडे स्वेच्छेने गृहशिक्षण स्वीकारणारी कुटुंबे थोडी आहेत. शाळा सुटल्यामुळे घरी राहिलेल्या मुलामुलींचा प्रश्न अधिक मोठा आहे. ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर, लवकर झालेला विवाह, आजारपण, गावापासून दूर असलेली माध्यमिक शाळा अशी त्याची कारणे आहेत. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्या वयाच्या मुलाला शाळेत आणणे हेच सर्वांचे पहिले कर्तव्य होय. त्यापुढील वयात ज्यांची शाळा सुटली आहे त्यांच्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून खाजगी विद्यार्थी म्हणून परीक्षेस बसण्याची सोय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षाही वर्षातून दोन वेळा होतात.

अर्ज भरला जातो, पुस्तकेही मिळतात. परंतु लेखनाचा सराव कोण करून घेणार, हा प्रश्न उरतो. दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकेत पत्र, सारांश, बातमी, कथा, निबंध असे उपयोजित लेखन असते. इतिहास असो की विज्ञान, उत्तर लिहावेच लागते. दोन-तीन वर्षे हाती लेखणी न धरलेली मुलगी समज असूनही येथे मागे पडते आणि एकदा नापास झाली की पुन्हा अर्ज भरण्याचे बळ घरात फार थोड्यांना उरते.

यासाठी मोठ्या खर्चाची योजना लागत नाही. खाजगी विद्यार्थ्यांचे अर्ज ज्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात येतात, तेथील मुख्याध्यापकांनी भाषाशिक्षकाचा आठवड्यातील एक तास या मुलांच्या लेखनासाठी राखून ठेवावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि राज्यातील असंख्य गावांत ग्रंथालये उभी आहेत. त्यांतील एक टेबल संध्याकाळी या विद्यार्थ्यांना मिळावे. सेवानिवृत्त शिक्षकांनी बाहेरच्या वाचकाची भूमिका स्वीकारावी. पंचायत सदस्यांनी आपल्या प्रभागात दहावीपूर्वी शाळा सोडलेल्या मुलामुलींची यादी करून त्यांना ग्रामसभेचे वृत्तांत, पाणीपुरवठ्याविषयीची निवेदने, गावच्या माहितीची भित्तिपत्रके लिहावयास सांगावे. हे लेखन खऱ्या कामाचे असते, खऱ्या वाचकासाठी असते आणि त्याचा परिणाम लिहिणाऱ्याला डोळ्यांनी पाहता येतो.

मूल कोठे शिकते यापेक्षा त्याचे लिहिलेले कोणी लक्षपूर्वक वाचते की नाही, यावर त्याचा लेखनातील आत्मविश्वास अवलंबून असतो. शाळेबाहेरच्या मुलामुलींना असा वाचक मिळवून देणे गावाच्या आवाक्यातील काम आहे. अर्ज भरल्यापासून परीक्षेपर्यंतचे महिने त्यासाठी उपयोगात आणले, तर यापैकी अनेकांच्या हाती उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र पडेल आणि त्याबरोबर आपले गाऱ्हाणे, आपली मागणी व आपला विचार स्वतः लिहिण्याची शक्तीही येईल.