चोवीस घरांतली छत्री

ओवी, हवामानाच्या ॲपसाठी पावसाची खूण हवी आहे म्हणालीस, तर छत्रीच घे. ढग घेऊ नकोस. ढग बारीक केला की नुसता डाग दिसतो, छत्री मात्र कितीही लहान केली तरी छत्रीच राहते. खोक्यांवर ‘ओलाव्यापासून जपा’ हे सांगायला जगभर छत्री छापतात ती उगाच नाही. तुझ्या या काकाचं अर्धं आयुष्य ती छत्री, तो काचेचा ग्लास आणि ते वर जाणारे दोन बाण छापण्यात गेलं, म्हणून चार गोष्टी सांगतो. त्या मनापासून ऐक.

खोक्याच्या छपाईत रबरी स्टिरिओ, म्हणजे छपाईचा ठसा, पुठ्ठ्यावर दाबला की शाई कडेनं थोडी पसरते. दोन रेघांमधली फट अरुंद असली तर पहिल्या काही खोक्यांतच ती बुजते. म्हणून आमचे फोरमन म्हणायचे, आधी फट बघ, मग रेघ बघ. पडद्यावर शाई नाही, पण फट तिथेही बुजते. चोवीस घरांच्या जाळीवर आखलेली खूण सोळा पिक्सेलमध्ये दाखवली की एका घराच्या फटीला पाऊण पिक्सेलसुद्धा उरत नाही. तिथे करडी धूसर पट्टी दिसते. तेव्हा रेघ दोन घरांची ठेवलीस तर फटही दोन घरांची ठेव. त्याहून कमी नको.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी चौकटीचा कागद घे. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या खुणा सुझन केअर यांनी चौकटीच्याच कागदावर आखल्या, ३२ गुणिले ३२ घरांत. आपल्याकडच्या मतपत्रिकांवरची पुष्कळशी चिन्हं निवडणूक आयोगातले ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी पेन्सिलनं काढली. या माणसांचं काम बघ, एकही रेघ उगाच ओढलेली दिसत नाही. कागदावर खोडायला वेळ लागतो, त्यामुळे ओढण्याआधी हात थांबतो आणि डोकं चालतं.

आता सॉफ्टवेअर, म्हणजे इंकस्केप. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये पान २४ × २४ पिक्सेलचं कर, एका पिक्सेलची ग्रिड लाव आणि चहूबाजूंनी दोन घरं मोकळी सोड. उरलेल्या वीस घरांत छत्री बसवायची. सुरुवात बेझिए पेननं मात्र करू नकोस. नवी मुलं पेन घेऊन घुमटाची कड हातानं ओढत बसतात, पंधरा-वीस बिंदू पडतात आणि वक्राला पोक येतं. तयार आकार घे आणि त्यातून कापून काढ.

वीस घरांचं वर्तुळ काढ, डावीकडून २ आणि वरून २ वर. त्याला फक्त फिल दे, स्ट्रोक देऊ नकोस, नाहीतर स्ट्रोकची जाडी मापात धरली जाते आणि सगळे आकडे बिघडतात. मापं माउसनं ओढून जुळवत बसू नकोस, वरच्या पट्टीत सरळ टाइप कर. मग १२ व्या ओळीपासून खाली एक आयत ठेव, दोन्ही निवड आणि पाथ मेनूतलं डिफरन्स दे. वर असलेला आकार खालच्याला कापतो, एवढं लक्षात ठेव. उलटं झालं तर आयत पेज डाउननं मागे गेलेला असतो, त्याला पुढे आण. झाला घुमट.

आता खालची झालर, आणि इथेच खरं काम आहे. वीस घरांचे तीन सारखे भाग होत नाहीत, आणि तसे करायचेही नाहीत. उघडलेली छत्री समोर धरून बघ. मधला पाकळा रुंद दिसतो, बाजूचे वळून मागे जातात म्हणून अरुंद दिसतात. तेव्हा ६, ८, ६ असे भाग कर. बाजूला ६ × ६ ची दोन वर्तुळं, मध्ये ८ रुंद आणि ६ उंच लंबवर्तुळ. तिन्हींचा माथा १० व्या ओळीवर. त्यांचे मध्य घुमटाच्या कडेवर, म्हणजे १२ वर येऊ देऊ नकोस, १३ वर येऊ दे. मध्य १२ वर ठेवलेस तर बाहेरची दोन टोकं केसासारखी बारीक होतात. स्टिरिओवर असली टोकं सगळ्यात आधी तुटायची, पडद्यावर ती दिसतच नाहीत. एक घर खाली सरकवलं की टोकाला अंग येतं. तिन्ही आकार युनियननं आधी एक कर, मग घुमटातून वजा कर.

दांडा मात्र पेननंच काढ. (१२, ९) पासून सरळ खाली (१२, १९), तिथून मूठ डावीकडे वळवून (१०, २१) आणि वर (८, १९). एवढे चारच बिंदू. वळणाचा बिंदू नेहमी वक्राच्या अगदी टोकावर असावा, सगळ्यात खाली किंवा सगळ्यात बाजूला, आणि त्याचे हात, म्हणजे हँडल, आडवे नाहीतर उभे, तिरपे कधीच नाहीत. पाव वर्तुळासाठी हाताची लांबी त्रिज्येच्या साधारण ५५ टक्के ठेवायची, म्हणजे इथे १.१ घर. रेनॉ मोटारींच्या कारखान्यातल्या पिएर बेझिए यांच्या नावानं हे वक्र ओळखले जातात. गाडीचा पत्रा गुळगुळीत वळवायला जे गणित लागलं, तेच तुझ्या छत्रीच्या मुठीत आहे.

स्ट्रोक दोन घरांचा, टोकं गोल. दांडा १२ वर आहे, म्हणून त्याच्या कडा बरोबर ११ आणि १३ वर पडतात आणि रेघ स्वच्छ दिसते. एका घराची रेघ १२ वर ठेवलीस तर ती दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं पिक्सेल खाते आणि फिकट पडते. तिला साडेबारावर न्यावं लागेल. मुठीच्या आतली फट मोज, दोन घरं आहे ना? ठीक. घुमटाच्या वर टोकाचा खिळा काढायचा मोह होईल. मी तरी काढणार नाही. त्याच्याशिवाय छत्री ओळखू येते, आणि त्याला जागा द्यायला घुमट लहान करावा लागतो.

पुढचं भराभर सांगतो. मूळ फाइल जपून ठेव, तिच्यातला स्ट्रोक स्ट्रोकच राहू दे. नकलेवर स्ट्रोक टू पाथ दे, मग युनियन. आकार लहान-मोठा करताना ‘स्ट्रोकही बदलावा’ हे बटण चालू आहे का ते पाहून घे, नाहीतर छत्री लहान होईल आणि दांडा तसाच जाडजूड राहील. आउटलाइन मोडमध्ये एकदा बघ, लपलेले तुकडे आणि फालतू बिंदू तिथे उघडे पडतात. शेवटी प्लेन एसव्हीजी म्हणून सेव्ह कर. रंग अगदी शेवटी, काळ्यात जी खूण वाचता येत नाही ती निळ्यातही येत नाही.

आणि तपासणी मोठं करून करू नकोस. ८०० टक्क्यांवर कुठलीही छत्री सुरेख दिसते. आयकॉन प्रिव्ह्यूमध्ये १६ आणि २४ वर बघ, मग मोबाइलवर घे आणि आजीला विचार हे काय आहे. तिनं चष्मा न शोधता सांगितलं पाहिजे.

छत्री जमली की लगेच ऊन आणि वाऱ्याच्या खुणा घे, त्याच फाइलमध्ये, शेजारी. त्यांनाही दोन घरांचीच रेघ आणि तशीच गोल टोकं. सूर्याचं वर्तुळ छत्रीच्या घुमटाएवढं करू नकोस, किरणांना तीन-चार घरं लागतात आणि किरण नि वर्तुळ यांच्यात दोन घरांची फट. तिन्ही एका ओळीत ठेवून डोळे बारीक करून बघ. एखादी जास्त काळी दिसली तर तिच्यातलं काहीतरी काढ, बाकीच्या दोघींत भर घालू नकोस.