कागदावरची रेघ

नसरापूरच्या बाजारात वेल्ह्याकडची काही माणसे एसटीची वाट पाहत बसली होती. एक बाबा म्हणाले, "आपलं गाव सरकारच्या यादीत आलंय म्हणे. आता जमीन जाणार, गुरांचं रान जाणार. चांदोलीसारखी गत होणार."

शेजारी गुरुजी होते. ते म्हणाले, "बाबा, चांदोली वेगळं आणि ही यादी वेगळी. आधी दोन्ही समजून घ्या."

चांदोली आपल्याच सह्याद्रीत, दक्षिणेकडे आहे. तेथे १९८५ साली अभयारण्य झाले. २००४ साली त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत. शेतीचा, घराचा हक्क राहत नाही. चांदोलीतली गावे उठली. रान राखले गेले, हे खरे. पण जमिनीसाठी गावकऱ्यांना वर्षानुवर्षे आंदोलने करावी लागली.

"मग ही हद्दीची रेघ मारतं कोण?" बाबांनी विचारले.

याची रीत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. सरकार आधी आपला इरादा जाहीर करते आणि हद्द सांगते. मग जिल्हाधिकारी गावोगाव जाहीरनामा काढतात. तो लोकांच्या भाषेत असावा लागतो. तेव्हापासून दोन महिन्यांत आपला हक्क लेखी कळवायचा असतो. चौकशी करून जिल्हाधिकारी जमीन हद्दीतून वगळू शकतात, किंवा भरपाई देऊन घेऊ शकतात. शेवटची घोषणा झाली, की हद्द बदलणे फार अवघड. त्याला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. म्हणून बोलायचे ते आधीच बोलावे.

"आणि आपली यादी?"

ती पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची यादी. हा घाट सहा राज्यांत पसरला आहे. २०११ साली गाडगीळ समितीने जवळजवळ सगळा घाट जपायला सांगितले. राज्यांनी विरोध केला. २०१३ साली कस्तुरीरंगन समितीने सुमारे ३७ टक्के भाग सुचवला. केंद्र सरकारने २०१४ साली मसुदा काढला. पुढे तो पुन्हा पुन्हा निघाला. २०२४ साली सहावा निघाला. त्यात भोर-वेल्ह्याकडची गावेही आहेत. कोणते गाव आत, कोणते बाहेर, यावर केंद्र आणि राज्ये यांची घासाघीस चालली. मसुद्यात खाणी, दगडखाणी व फार मोठी बांधकामे यांना बंदी आहे. शेतीला बंदी नाही. गाव उठवायचे, असेही त्यात नाही.

बाबा म्हणाले, "घासाघीस दिल्ली-मुंबईत. आपलं कोण ऐकतंय?"

"लिहून दिलंच नाही, तर ऐकणार काय? मसुदा निघाला, की हरकतीला साठ दिवस असतात. ग्रामसभेत ठराव करा. गट नंबर, पाणवठा, गुरांची वाट, सगळं लिहा. जंगल राहिलं तर ओढ्याला पाणी राहतं, तेही लिहा. आणि अर्जाची पोच घ्या."

गुरुजींनी पिशवीतून यादी काढली. बाबांनी ओळीवर बोट ठेवले. एकेक अक्षर जुळवत त्यांनी आपल्या गावाचे नाव वाचले. मग म्हणाले, "वाचलं. आता कागद द्या, लिहितो."

प्रश्न
१. राष्ट्रीय उद्यानात कोणते हक्क राहत नाहीत?
२. हक्क किती दिवसांत लेखी कळवावा?
३. तुमच्या गावाचे नाव यादीत आहे का? शोधा आणि लिहा.