आजीच्या घरीच राहू देत

चि. मृणाल हिस,


पाटोद्याकडच्या त्या दोन नातवंडांना बालगृहात ठेवू या, असं तू सुचवलंस आणि आजी रडायलाच लागली, हे वाचलं. बाप वारला, आई ऊसतोडीला, म्हातारी थकलेली. सगळं खरं. पण त्या घरात तुटवडा आहे तो पैशांचा, मायेचा नाही.

संस्था हा शेवटचा उपाय, हे 2015 च्या बालन्याय कायद्याचंच तत्त्व आहे. आपली बालसंगोपन योजना त्याच वाटेची. एक पालक गेलेल्या मुलालाही अठरा वर्षांपर्यंत महिन्याला 2,250 रुपये मिळतात. पूर्वी 1,100 होते. बालगृहाची इमारत, स्वयंपाकी, पहारेकरी यांचा खर्च मांडून बघ, म्हणजे ही रक्कम किती थोडी आहे ते कळेल.

खरी कटकट कागदांची. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचं बोनाफाईड, बँकेचं पासबुक. राबून राबून बोटं झिजलेल्या बायकांचा ठसा यंत्रावर उमटत नाही, तिथेच काम अडतं. अनुदान रखडतं, हेही आजीला आधीच सांग, नाहीतर त्या भरवशावर ती दुकानदाराकडे उधारी करून बसेल.

गृहचौकशीला गेलीस की लगेच फॉर्म काढू नकोस. चहा घे, बस. रात्री पोरांजवळ कोण झोपतं, पाणी कोण भरतं, थोरली त्यापायी शाळा बुडवते का, हे बोलता बोलता कळतं. मारझोड, दारू, कुणाची वाईट नजर असं काही दिसलं, तर मात्र घराचा हट्ट धरायचा नाही. त्याच दिवशी चाइल्डलाइनचा 1098 लाव. गरिबी आणि धोका यांची गल्लत आपल्या कामात फार होते, आणि भोगतात पोरं.

मुख्याध्यापकांना हंगामी वसतिगृहाचं विचार. नावाला वसतिगृह; बऱ्याच गावांत पोरं शाळेत जेवतात आणि निजायला आजीकडेच जातात. तोडीचे महिने त्यावर निभावतील.

सोमवारी आजीला तहसिलीत एकटी पाठवू नकोस, सोबत जा. पंचाहत्तरी उलटली असेल तर तिला एसटी फुकट आहे, आधार तेवढं बरोबर घ्यायला सांग. आणि उत्पन्नाचा दाखला आधी काढा.

तुझी,
मावशी